कुमिसची बातमी

बिश्केक, ४ जून २००६

ती. स्व. बुबुसारा आत्यास सलाम, वि. वि.

माध्यमांचा अभ्यास का घेतलास, असं वर्गात सरांनी विचारलं. लहानपणी उन्हाळी कुरणावर मी तंबूतंबूतून बातम्या पोचवायचे, असं सांगितलं तर पोरं हसली. सध्या मी सरांच्याच हाताखाली रेडिओवर शिकाऊ आहे. आपल्या कोचकोरचा घोडीच्या दुधाचा आंबट कुमिस पिऊन माणसं आजारी पडतात अशी इथे आवई उठलीय, तिचा छडा लावायचं काम माझ्याकडे आलंय. बाबांना कळू देऊ नकोस. डॉक्टरकी सोडली म्हणून वर्षभर बोलत नाहीत, त्यात हे.

तुझी,
आयसाल्कीन

कोचकोर, ११ जून

चि. आयसाल्कीन हिस अनेक आशीर्वाद.

पोरांना म्हणावं, तू बातम्या नुसत्या पोचवायची नाहीस. कुणाची घोडी लांडग्यानं मारली असं कानावर आलं, की तू आधी गाढवावरून जाऊन बघून यायचीस. लोकांच्या तंबूत नाक खुपसते म्हणून तुझा बाप शार्शेनबेक चिडायचा. इकडे आपल्या कुमिसला गिऱ्हाईक येईनासं झालंय. तो घोडीचं दूध कुत्र्यांपुढे ओततो आणि माझ्यावर खेकसतो. खरं निघेल तेच सांग, आमच्यावर उलटलं तरी. वेळेवर जेव.

तुझी आत्या

बिश्केक, १९ जून

ती. स्व. आत्यास सलाम.

आजारी माणसांना भेटले. त्यांनी प्यायलेला कुमिस शहरातच गाईच्या दुधात पाणी मिसळून केलेला होता. प्रयोगशाळेतल्या बाईंनी तोही तपासला आणि आपल्याकडचाही; आपला चोख निघाला. पण सर म्हणाले, बापाचा हाच धंदा आहे हे कळल्यावर तुझं कोण ऐकेल? म्हणून मी तेच आधी सांगणार आहे. शुक्रवारी सकाळी रेडिओ लाव.

आयसाल्कीन

कोचकोर, २४ जून

चि. आयसाल्कीन, औक्षवंत हो.

दुकानापुढे सगळे जमलो होतो. माझे वडील शार्शेनबेक कुमिस विकतात, तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका, तपासणाऱ्या बाईंचं ऐका, असं तू म्हणालीस आणि सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. तुला कळवलं नव्हतं, पण गावात तो तू डॉक्टरकीच शिकतेस म्हणून सांगायचा. शेजाऱ्यानं विचारलं, हीच का तुझी डॉक्टरीण? तो टोपी सारखी करत म्हणाला, डॉक्टर नाही, बातमीदार आहे, आणि आता गप्प बसा, तिचं बोलणं पुरं होऊ द्या.

पुढल्या सोमवारी तो तिकडे येतोय. कोणता कोट घालू म्हणून माझं डोकं खाल्लंय. तू बोलत असताना त्याला रेडिओच्या खोलीत एका कोपऱ्यात बसू देतील का, सरांना विचारून ठेव. हूं की चूं करणार नाही म्हणतो.

आम्हा दोघांवर अशीच माया ठेव.

तुझी आत्या,
बुबुसारा