धाप आळसाची नव्हती

बेलो होरिझोंते

ओझोरियो दादा,

आधी आईचा आशीर्वाद मागते, मग तुझ्याशी भांडते. तिला सांग, मावशीकडे मी पोटभर जेवते. पुढचं तिला वाचून दाखवू नकोस.

काल इस्पितळात तोंडावर श्वास मोजायचा मुखवटा बांधून मला सरकत्या पट्ट्यावर चालवलं. चढ जरा वाढवला आणि मला धाप लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जांदिरा, तू इतरांपेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतेस, पण ती अंगी लागत नाही. तुझं हृदय दमलंय." आपल्या मातीच्या भिंतींतले ते रक्त पिणारे किडे आठवतात? हा आजार त्यांनीच दिलाय, लहानपणीच.

किड्यांवर मी काय रागावू? बाबा कॉफीच्या मळ्यात चढावर धापा टाकत बसायचे, तेव्हा मुकादम त्यांना आळशी म्हणायचा आणि तू त्याच्याबरोबर हसायचास. त्याच चढावर बाबा गेले. आता मावसभावाकडून मलाही निरोप धाडतोस, "शहरात जाऊन कामचुकार झालीस." लाज वाटत नाही?

आणि तू रे? झऱ्यावरून पाणी आणताना हल्ली मध्येच बसतोस, असा आईचा निरोप आलाय. विचारलं तर म्हणे गुडघा दुखतो. दादा, धाप गुडघ्याने लागत नाही. तूही त्याच भिंतीला पाठ लावून झोपलायस.

मुकाट्याने सोमवारची बस धर आणि रक्त तपासून घे. इथे औषध आहे, डॉक्टरीणबाई माणसाशी माणसासारखं बोलतात. हट्ट करशील तर कर, पण तुला खांदा द्यायला माझ्यात दम नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
जांदिरा