करंगळी सोडून मोजलेल्या मात्रा

मंगळवार, संध्याकाळ

गौरीच्या, माझ्या नातीच्या, मोडलेल्या कोपरात हाड जुळवायला तारा टाकून आठवडा झाला. प्लास्टरबाहेरच्या बोटांवर ती कवितेच्या मात्रा मोजते, पण करंगळी सोडून. मी रोज रागावलो, "करंगळीपासून मोज, आळशी." आमच्या गुरुजींनी तसंच शिकवलं होतं ना. आज म्हणाली, "आबाजी, करंगळी हाय का नाई, तेच समजत नाई मले."

तशीच पवनारहून बसनं वर्ध्याला नेली. डॉक्टर म्हणाले, तारेनं नस दाबली असावी. ती तार आजच काढली. बोट बहुतेक सुधारेल म्हणतात. बहुतेक म्हणजे काय? त्यांनी विचारलं, "कधीपासून आहे असं?" गौरीच बोलली, "आबाजी मले आळशी म्हणून राह्यले, तवापासून."