देवी नव्हतीच आली

आई,

तुला जाऊन वीस वर्षं झाली आणि मी आज चुलीपुढची गोष्ट उकरून काढतेय. तू असतीस तर म्हणाली असतीस, आता काय त्याचं.

दुपारी तू आपल्या चार म्हशी रंकाळ्यावर न्यायचीस. बाकीच्या बायका काठावरनं म्हशी धुवायच्या. तू मात्र लुगड्यासकट गळ्याएवढ्या पाण्यात शिरून त्यांच्यात उभी राहायचीस, डोळे अर्धे मिटून, अगदी गप्प. घरी येऊन भाकरी थापता थापता म्हणायचीस, "मी माणूस न्हाय गं. म्हस हाय. अंग तेवढं बाईचं मिळालंय." आमटीत मीठ कमी पडलंय हे सांगावं तसं सांगायचीस. तू वेडी नव्हतीस. धारा, रतीब, आमच्या शाळा, दादांचा डबा, सगळं वेळच्या वेळी व्हायचं. पण ते गल्लीला कळलं आणि मी म्हशीचं रेडकू झाले. त्यात गडहिंग्लजचं स्थळ आलेलं. त्यांच्या कानावर गेलं तर ते मोडणार.

आत्या नारळ-कुंकू घेऊन आली. अंगात आलेल्याला विचारतात तसं तिनं तुला विचारलं, "कोण हाईस तू? कुठनं आलीस? काय पायजे तुला?" तू म्हणालीस, "वन्सं, कोण आलं न्हाय. मीच हाय. आलं असतं तर गेलं असतं की." आत्या नारळ घेऊन परत गेली. इलाज मी काढला. दुसऱ्या दिवशी तू चुलीपुढं बसलेली, मी शेजारी टेकते आणि म्हणते, "देवी आली म्हण की. म्हस म्हटलीस तर दात काढत्यात, देवी म्हटलीस तर पाया पडतील. माझ्या लग्नापुरतं म्हण." तव्यावरची भाकरी उलटायची तू विसरलीस. मग म्हणालीस, "म्हशीला मारती ती देवी. तिचं नाव घिऊ व्हय?"

मी म्हणाले, "घे."

शुक्रवारी तू केस सोडून घुमलीस. दात काढणाऱ्या त्याच बायकांनी तुझी ओटी भरली. माझं लग्न झालं. पण देवीचं एकदा बोललं की मागं फिरता येत नाही. मरेपर्यंत दर शुक्रवारी तू घुमलीस, आणि पाण्यात पुन्हा कधी उतरली नाहीस. देवीच्या बाईनं म्हशींत उभं राहणं लोकांना बरं दिसेना. हे मी केलं आई, दुसऱ्या कुणी नाही.

परवा रविवारी माझी लेक ओट्याशी आली. मी लसूण सोलत होते. म्हणाली, "मम्मी, हसू नकोस. मला आतून माणूस असल्यासारखं वाटत नाही. मी कोल्हा आहे. शरीर माणसाचं आहे, ते मला कळतं." जगात असे पुष्कळ आहेत म्हणे, मोबाईलवर एकमेकांशी बोलतात. मी हसले नाही. डॉक्टरचं नाव काढलं नाही. एवढं शहाणपण मला तुझ्यामुळं आलंय. मग तिनं विचारलं, "आपल्या घरात असं कोण होतं का गं?"

आणि मी म्हणाले, "न्हाय बाई. तुझ्या आजीच्या अंगात देवी यायची, तेवढंच."

"ते वेगळं," ती म्हणाली. "म्हणजे मी एकटीच." आणि आत निघून गेली.

तिला हाक मारायला पाहिजे होती, ती मारली नाही. इथं बसून तुला लिहितेय, कारण तू उलटून विचारणार नाहीस. आई, तू म्हस आहेस हे मला तेव्हाही खोटं वाटलं नव्हतं.