सज्जातून दिसलेली रांग

वॉशिंग्टन, १६ जून १९७०

ती. व्हर्नाताईस,
धाकट्या हार्लनचा सा. न. वि. वि.

तुझा रुबार्बचा मुरंबा पोचला. कचेरीत कुणाला बोटसुद्धा लावू दिलं नाही.

बातमी मात्र वाईट आहे. युद्ध पुकारायचा अधिकार राज्यघटनेनं आमच्या सभागृहांना दिलाय, तरी अध्यक्षांनी आम्हाला न विचारताच व्हिएतनाममधलं सैन्य कंबोडियात घुसवलं. यापुढे आमच्या परवानगीशिवाय कुणालाही तिकडे धाडायचं नाही, अशी दुरुस्ती काल मताला आली. मी तिच्यासाठी जीव तोडून झटलो, मतही दिलं, पण आम्ही हरलो. तिकडे लढणाऱ्या आपल्या लोवेलला देव सांभाळो. तू जिवाला लावून घेऊ नकोस.

भावावर लोभ आहेच, तो असाच राहू दे.
हार्लन


आयोवा, २० जून १९७०

हार्लन,
आशीर्वाद या खेपेला राखून ठेवलाय.

तू जीव तोडून झटत होतास तेव्हा मी वर प्रेक्षकांच्या सज्जात बसले होते. तुला चकित करावं म्हणून बसनं आले होते. दारावर पहारेकऱ्यानं माझी पेन्सिलसुद्धा काढून घेतली. सज्जात काही टिपायचं नसतं म्हणे. आणि खाली तुमची पद्धत तर काय सोयीची! नावं पुकारायची नाहीत. बाजूचे आधी रांगेनं जाणार, विरोधातले नंतर, आणि मोजणारे नुसती डोकी मोजणार. मग घरी वाटेल त्या थापा मारायला मोकळे! पण बाबांच्या ट्रॅक्टरवरून पडल्यापासून डावा पाय ओढत चालणारा माझा भाऊ मला ओळखू येणार नाही होय रे? तू दुसऱ्या रांगेत होतास. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुला न भेटताच परत फिरले.

मागे अध्यक्षांकडे जेवलास ते तूच फुशारकीनं कळवलं होतंस. त्या जेवणाला जागलास वाटतं! आम्ही तुला त्यांना जाब विचारायला पाठवलं, आणि तू आमचा अधिकारच त्यांच्या खिशात घालून आलास.

लोवेलचं पत्र आलंय. त्याच्या तुकडीला आता सीमेपलीकडे धाडणार, अशी कुजबुज आहे. पण माझा मामा तिथं बसलाय, तो हे होऊ द्यायचा नाही, असं माझं पोर सोबत्यांना सांगत फिरतंय.

मी त्याला काही कळवलेलं नाही. त्याचा पत्ता घालून, तिकीट लावून रिकामं पाकीट सोबत पाठवतेय. खरं काय ते तूच लिही, आणि खाली स्वतःचं नाव घाल.

लोभाचं त्याचं उत्तर आल्यावर बघू.
व्हर्ना