निम्म्याहून जास्त

प्रिय सिग्रिड,

तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे, ती आधी नोंदवून घेतो. नाताळात घरी आलीस आणि वॅफलला चमचाभर पीनट बटर चाटवायची सवय लावून तिकडे अमरिलो शहरात परत निघून गेलीस. आता हा कुत्रा रोज सकाळी फडताळासमोर यजमानाची वाट पाहणाऱ्या भटजीसारखा बसतो आणि दक्षिणा हाती पडल्याखेरीज आसन सोडत नाही. मी कॅन्ससच्या कोपऱ्यात चार विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवून पोट भरणारा माणूस. मला एवढे आश्रित कसे झेपायचे? आणि आश्रित हा शब्द आलाच आहे, तर मुद्द्यावर येतो.

शनिवारी ग्रंथालयात कराचे कागद भरून घ्यायला गेलो होतो. तिथे फुकट मदत करणाऱ्यांत यंदाही लॅव्हर्न होती, तुझी शाळेतली व्हॉलीबॉलची कोच. निवृत्त झाली तरी गळ्यात शिट्टी असल्यासारखीच बोलते. ‘या पंडित, यंदा कागद क्रमाने लावलेत की पुन्हा पिशवीच ओतणार?’ पिशवीच ओतली. मग तिने तुझी चौकशी केली. मी सांगितलं, पोरगी तेवीस वर्षांची, शिक्षण थांबलंय, हॉटेलातलं काम गेल्या एप्रिलमध्ये गेलं, त्यानंतर कुठे कुठे चार दिवस. वर्षाची मिळकत तू फोनवर सांगितली होतीस तेवढी. ‘मग दाखव की तुझी आश्रित म्हणून, करात सूट मिळेल. मिळकत मर्यादेच्या बरीच आत आहे,’ असं म्हणून तिने पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. ‘आरोग्यविमा कुठला तिचा?’ सरकारी विमाबाजारातून तिचा तिने घेतलाय, म्हटलं. माझ्या कॉलेजच्या विम्यात राहा म्हणालो होतो, तर ‘बाबा, माझं मी बघते’ हे उत्तर मिळालं होतं. लॅव्हर्नने मान हलवली. ‘म्हणजे अर्जात तिने लिहिलं असणार, मला कोणी आश्रित दाखवणार नाही. आता तू दाखवलंस, तर विम्याच्या हप्त्यात मिळालेली सरकारी मदत तुझ्या पगारावर जोखली जाईल. प्रोफेसरच्या पोरीला कसली मदत, म्हणतील, आणि परत मागतील. तिच्याकडून नाही, तुझ्याकडून.’

खरं सांगू? मला हसूच आलं. ‘माझं मी’ हे उत्तर तू पहिल्यांदा थोडंच दिलंस? सहा वर्षांची असताना जत्रेत हरवलीस, तेव्हा शेरीफच्या माणसाला ठणकावून सांगितलं होतंस, माझ्याबरोबर कोणी नाही, मी एकटीच आलेय. तो बिचारा तुझ्या हातात मक्याचं कणीस देऊन मी यायची वाट पाहत बसला होता. मी धापा टाकत पोचलो, तर वर मलाच म्हणालीस, ‘बाबा, तू कुठे हरवला होतास?’ म्हणून लॅव्हर्नला म्हटलं, मागू देत परत, देऊन टाकू. लाव तिला माझ्या नावावर.

‘एकच प्रश्न राहिला,’ ती म्हणाली. ‘वर्षभरात तिच्या राहण्याखाण्याचा निम्म्याहून जास्त खर्च तू केलास?’ अर्थात, मी म्हणालो, बाप आहे मी तिचा. ‘ते माहितीये रे. काय काय दिलंस ते सांग.’ फोनचं बिल. गाडीचे टायर. नाताळातलं पेट्रोल. पुढे काही आठवेना. ‘घरभाडं?’ ते ती भरते. ‘कशातून?’ पगारातून. लॅव्हर्नने तुझ्या मिळकतीच्या आकड्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. ‘लेनार्ट, एवढ्यात तिथे कुणाचा हिवाळासुद्धा निघत नाही. तिने कमावलं नाही, तू दिलं नाहीस. मग पोरगी जगली कशावर?’ मी म्हटलं, आमच्या पुराणांत नुसता वारा खाऊन राहणारे ऋषी असतात. ती हसली नाही. मी कागद पुन्हा पिशवीत कोंबले आणि घरी आलो.

तेव्हापासून नको नको ते आठवतंय. फोनवर तू ‘मस्त चाललंय’ म्हणून ठेवून देतेस. पत्ता विचारला तर पोस्टातल्या पेटीचा नंबर दिलास. हे पत्रही तिथेच पाठवतोय. नाताळात घरी आल्या आल्या जी झोपलीस ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उठलीस. या वयात पोरं झोपतातच, असं म्हणून मी दार लोटून घेतलं. तुझ्या गाडीच्या मागच्या सीटवर रजई होती, उशी होती, भांडी घासायच्या साबणाची बाटली होती. लांबचा प्रवास, माणूस नेतो सामान, असं मीच मला समजावलं.

करासाठी लॅव्हर्न मुदत वाढवून घेणार आहे. तुझं नाव माझ्या कागदांत बसो की तुझ्या, नियमात असेल तसं होईल. मदत परत द्यावी लागली तर देऊ. त्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. काम सुटल्यापासून तू रात्री कुठे झोपतेस आणि काय खातेस, हे मला माहीत नाही, सिग्रिड. मला फार भीती वाटते आहे.

तुझाच,
बाबा