निनावी राष्ट्राचा दारुण पराभव

सुखुम, द्राक्षं उतरवून झाल्यावर

तीर्थरूप मुरादकाकांना तिकडे तुर्कस्तानात, काळ्या समुद्राच्या या काठावरून पुतण्या बातालचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे काय म्हणतात? काकूंचा रक्तदाब उतरला का? इकडे सगळं क्षेम आहे, फक्त अबखाझियाला देश म्हणून अजून कुणी मानत नाही (चार-पाच जण मानतात, पण लग्नाच्या फोटोत ज्यांना मागे उभं करतात, त्यातले).

म्हणून मंत्रिसाहेबांनी मला, म्हणजे राष्ट्रीय फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकाला, बोलावून सांगितलं, "बाताल, एखादा मान्यता असलेला देश इथे आणून हरवायचा. जो देश नाहीच, त्याच्याकडून हरेल कोण? हरला की झाली मान्यता!" साऱ्या जगाला आमंत्रणं गेली. जगाने उत्तर दिलं नाही, पण एका सकाळी स्टेडियमसमोर बस थांबली आणि एकसारख्या निळ्या ट्रॅकसूटमधले धट्टेकट्टे पुरुष आडोसा शोधत उतरले. मंत्रिसाहेबांनी पहिल्याला तिथेच मिठी मारली.

आता आपली रीत तुम्ही जाणताच. पाहुण्याला तीन दिवस कोण, कुठला, विचारायचं नाही. तेव्हा बैल कापला, मक्याचा आबिस्ता शिजला, वाइनने भरलेली शिंगं हातोहात फिरली. त्यांचं राष्ट्रगीत कोणतं हे विचारता येईना, म्हणून बँडने आपलंच दोनदा वाजवलं (दोन्ही वेळा बिचाऱ्यांनी छातीवर हात ठेवला). खेळायचं का विचारलं तर हसत हो म्हणाले. त्या अवस्थेत ते बैलाशीही खेळले असते. त्यांचा गोलकीपर सबंध वेळ खांबाला प्रेमाने धरून होता. आपण नऊ-शून्यने जिंकलो, त्यातले सहा गोल माझ्या पोराचे, नाउरचे. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा: 'एका सन्माननीय राष्ट्राचा दारुण पराभव.' मेजवानीत मी शिंग उंचावून गरजलो, "माझा पोरगा मरेल, पण परक्याची जर्सी घालणार नाही!" माणसं ढसाढसा रडली, सर्वांत जास्त मंत्रिसाहेब.

चौथ्या दिवशी विचारलं. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "आम्ही तिरास्पोलच्या डेअरीतले. गंधकाच्या झऱ्यावर अंग शेकायला निघालो होतो, ड्रायव्हर चुकला. पण काय हो, तुमचे साहेब एवढे का रडत होते?" (तिरास्पोलवाल्यांचा देशही आपल्यासारखाच. ते आपल्याला मानतात, आपण त्यांना, आणि जग दोघांनाही नाही.) मंत्रिसाहेब मिशी चावत म्हणाले, "छापून झालंय. राष्ट्राचं नाव मागाहून भरू."

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
बाताल

ता. क. काका, नाउरला कागदोपत्री दत्तक घ्या. तुमच्या अडापझारीतल्या क्लबने त्याला बघितलंय, फक्त तुर्की पासपोर्ट हवा म्हणतात. पोरगा सतरा वर्षांचा आहे. त्याने जन्मभर डेअरीवाल्यांना गोल मारत बसावं, हे मला बघवत नाही.

आणखी एक. मेजवानीतलं माझं बोलणं त्याने खरं धरलंय, यायला तयार नाही. तुम्ही बोलवा, तुमचा शब्द मोडणार नाही. तिकडचं राष्ट्रगीतही शिकवा, नुसते ओठ हलवू देऊ नका. ते लागेल तेव्हा मी इथे टीव्हीसमोर उभा राहीन, दाराला कडी लावून.