दालनात न गेलेली आई

बाबा,

तुला जाऊन एकतीस वर्षं झाली. आज शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलींची चित्रं निवडत होते. थोडी भिंतीवर, बाकीची कपाटात. हात सराईतपणे चालत होता, मनात काही हलत नव्हतं. एका मुलीनं विचारलं, "बाई, माझं का नको?" मी तिचं चित्र पुन्हा हातात घेतलं. तेव्हा पाचूबंदरच्या कोळीवाड्यातलं आपलं अंगण आठवलं.

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील, आईला जाऊन एक. मुंबईच्या संग्रहालयातले एक साहेब कोळ्यांची कला गोळा करत किनाऱ्यानं फिरतायत. त्यांना मराठी येत नाही, तुला इंग्रजी. मी मॅट्रिकला, म्हणून मधे मी उभी. मोडीत निघालेल्या होडीच्या नाळेची, पुढच्या टोकाची, फळी तू भिंतीला टेकवली आहेस. तिच्यावर तूच कधीकाळी रंगवलेले दोन मोठे डोळे. शेजारी पुठ्ठ्यावरचं चित्र. आई बांबूवर बोंबील वाळत घालतेय, हात वर, तोंड आपल्याकडे वळवलेलं. होडीच्या उरल्यासुरल्या रंगात तू वर्षभर तेवढं एकच काढत होतास.

साहेब फळीपुढे गुडघे टेकून बसले. चित्राकडे त्यांनी एकदाच पाहिलं. "हे नको. हे कुणीतरी शिकवल्यासारखं वाटतं. लोकांना कोळ्यांच्या हातचं अस्सल दाखवायचंय." तू कुणाकडे शिकला होतास, बाबा? मी तुला फक्त फळी आवडल्याचं सांगितलं.

"त्याला सांग, फळी एकली जानार नाय. तुजी आय बरोबर गेली पायजे."

मी साहेबांकडे वळले. "बाबा तयार आहेत," असं इंग्रजीत म्हणाले. तुला म्हटलं, "दोन्ही लावतील. आईचं मागाहून नेतील." वाटलं, अट ऐकली तर ते फळीही ठेवून जातील आणि आपलं काहीच कुणाला दिसणार नाही.

मुंबईच्या प्रदर्शनाला तू धुतलेला सदरा घालून आलास. फळी मधोमध, दिव्याखाली. लोक तिच्यापुढे थांबत होते. तू थांबलाच नाहीस. एकेक दालन फिरलास, दारामागेही पाहिलंस. मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी म्हणालास, "चल, उशीर व्हईल." घरी आल्यावरही काही विचारलं नाहीस. चित्र कोनाड्यात राहिलं आणि दोन पावसाळ्यांत त्याचा रंग सुटला. तू त्यानंतर होड्या तेवढ्या रंगवल्यास.

हे लिहिताना रडू येईल असं वाटलं होतं. येत नाही. कागद घडी करून वह्यांखाली ठेवते आहे.

एक राहिलं. त्या दिवशी अंगणातून निघताना साहेबांनी मला दोनदा विचारलं होतं, "तुझे वडील आणखी काही म्हणाले का? चेहऱ्यावरून तसं वाटलं."

मी दोन्ही वेळा नाही म्हणाले.